कॅमेरा, कोटाची बटणं आणि कोरडा दुष्काळ

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. या मुलखातल्या दुष्काळाचे फोटो मात्र त्याहून कितीतरी जुने! १८९९-१९००च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने औरंगाबाद जिल्ह्यातली दुष्काळी कामं टिपली. आजच्या जालन्याचा मोठा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. आणि हे दीनदयाळ मुळात शिकले काय, तर रुडकीला इंजिनिअरिंग!

हाल सोसणाऱ्यांकडे कॅमेरा वळवणारा असाच आणखी एक माणूस अमेरिकेत होता. १९०८पासून लुईस हाइन तिथे बालमजुरांचे फोटो काढत फिरला. गिरणीमालक आत घेईनात, म्हणून कधी विमा एजंट, तर कधी बायबल विकणारा बनून शिरायचा. वयाचा अंदाज यायला उंची हवी, पण पोरांची उंची सगळ्यांसमोर मोजणार कशी? कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचावर आहे, हे त्याला पाठ होतं. पोर शेजारी उभं राहिलं की माप मिळालं! नोंदी तो हात खिशात ठेवूनच लिहायचा.

आपल्याकडे या वाटेवरचं मोठं नाव म्हणजे सुधारक ओलवे. मूळचे अकोल्याचे, १९८८पासून मुंबईत फोटो-पत्रकार. पेपरातला फोटो दुसऱ्या दिवशी शिळा होतो. ओलवे मात्र मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांपाशी थांबले, पुन्हा पुन्हा जात राहिले. बहुतेक कामगार दलित, काम गटारातलं आणि कचऱ्यातलं. शहर ज्यांच्याकडे बघतच नाही, त्यांचे कृष्णधवल चेहरे त्यांनी आपल्यासमोर उभे केले. त्यांची छायाचित्रं ढाक्यापासून लिस्बन, ॲमस्टरडॅम, स्वीडनच्या माल्मोपर्यंत पोचली. २००५मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ स्पर्धेत बक्षीस, २०१६मध्ये पद्मश्री. मला या सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं थांबणं.

पत्रकार पी. साईनाथ यांचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत त्यांनी राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले. त्या फोटोंचं प्रदर्शन कारखान्यांच्या फाटकांवर, एसटी आणि रेल्वे स्टेशनांवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागलं. ज्यांचे फोटो, त्यांच्यासारख्यांनी ते पाहिले!

जालन्यात सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांचे कारखाने आहेत, टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या आहेत, दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबं आहेत. इथल्याच एखाद्या पोरीने कॅमेरा घेऊन या माणसांपाशी दहा वर्षं थांबावं. आणि पहिलं प्रदर्शन लावावं जिल्ह्यातल्याच मंठ्याच्या एसटी स्टँडवर.