विद्युत् दाब नियामक, घटमालेवरील
घटमालेचा दाब वापराने उतरत असताना मंडलास स्थिर विद्युत् दाब पुरविणारी इलेक्ट्रॉनीय प्रयुक्ती. हौशी बांधणीत तिची निवड आदान व प्रदान दाबांतील अंतर, तिला स्वतःला लागणारा प्रवाह आणि गोंगाट यांवरून करतात.

रेषीय नियामकात जादा दाब उष्णतेच्या रूपात वाया जातो. ७८०५ या संकलित मंडलाने ९ व्होल्टच्या घटमालेपासून ५ व्होल्ट घेतल्यास कार्यक्षमता सु. ५५% राहते व आदान दाब सु. ७ व्होल्टच्या खाली गेल्यास नियमन सुटते. त्याला स्वतःलाच सु. ५ मिलिअँपिअर प्रवाह लागत असल्याने ५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची घटमाला उपकरण निष्क्रिय असतानाही सु. चार दिवसांत संपते.

लिथियम-आयन घटाचा दाब ४·२ पासून सु. ३ व्होल्टपर्यंत उतरतो. त्यापासून ३·३ व्होल्ट मिळविण्यास अत्यल्प दाबफरकावर चालणारा रेषीय नियामक सोयीचा असतो. घटाचा दाब ३·३ व्होल्टच्या जवळ येईपर्यंत तो उपयोगी पडतो. दाबांतील अंतर मोठे व प्रवाह अधिक असल्यास स्विचन नियामक वापरतात. त्याची कार्यक्षमता सामान्यतः ८०–९५% असते व योग्य रचनेने त्याच्याकडून दाब वाढविताही येतो. मात्र त्याच्या प्रदानातील जलद चढउतारांमुळे रेडिओ व ध्वनिमंडलांत गोंगाट येतो. बहुतांश काळ निष्क्रिय राहणाऱ्या उपकरणात पूर्ण भारावरील कार्यक्षमतेपेक्षा नियामकाचा स्वतःचा प्रवाहच निर्णायक ठरतो.