‘दोनच बिड्या’ हृदयाला पुरेशा

‘दिवसाला दोन-चारच ओढतो, तेवढ्याने काय होतंय?’ जिंतूर असो, गंगाखेड असो की पाथरी, बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास कानी पडते. फुफ्फुसाच्या कर्करोगात कमी धूर म्हणजे कमी धोका, हे बऱ्याच अंशी खरे आहे. हृदयाचे गणित मात्र निराळे आहे.

धुरातली घातक रसायने फुफ्फुसांतून रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात. जंतूंचा हल्ला झाल्यासारख्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. यालाच दाह म्हणतात. या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचे एन्झाइम, म्हणजेच विकर असते. ते हायपोक्लोरस आम्ल तयार करते. विहिरीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, ते याच आम्लामुळे. रक्तवाहिनीत मारायला जंतू नसतात. मग हे आम्ल कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांनाच खराब करते. खराब झालेले कण वाहिनीच्या भिंतीत साचून चरबीचा थर तयार होतो.

या थरावर तंतूंचे झाकण असते. मेटॅलोप्रोटिनेज गटातली विकरे हे झाकण आतून कुरतडतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात त्यांचे प्रमाण वाढलेले आढळते. उलट, चांगल्या कोलेस्टेरॉलसोबत राहून बचाव करणारे पॅराऑक्सोनेज हे विकर धुरामुळे मंदावते. झाकण फुटले की त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

एवढे घडायला फार धूर लागत नाही. दिवसाला 20 सिगारेटी ओढल्याने हृदयरोगाचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा धोका रोजच्या एकाच सिगारेटने येतो, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासांच्या आढाव्यात दिसले. बिडीही सौम्य नाही. ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळला. तंबाखू चघळणाऱ्यांतही तो वाढलेला होता. म्हणजे बिडी सोडून तंबाखू मळणे हा काही उपाय नव्हे. त्यातच दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे 6 वर्षे आधी येतो, म्हणजे बहुधा घर चालवणाऱ्या वयातच.

दिलासा एवढाच, की शरीर सावरते. पूर्ण सोडल्यावर वर्षभरात हृदयरोगाचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. बिड्या ‘कमी’ करून तो लाभ मिळत नाही; त्या बंदच कराव्या लागतात. त्यासाठी 1800-11-2356 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. मात्र छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असे काही जाणवले, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून वाट पाहू नये. लगेच 108 क्रमांकावर फोन करावा.