ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्क्रांतिवाद

बायबलमधील पहिल्या पुस्तकाचें नांव ‘उत्पत्ति’. परमेश्वरानें सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, वनस्पति, पशुपक्षी आणि शेवटीं मनुष्य यांची निर्मिति केली, असें त्यांत सांगितलें आहे. चार्लस् डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. आज दिसणाऱ्या जीवजाती निरनिराळ्या घडविलेल्या नसून पूर्वीच्या जातींपासून क्रमाक्रमानें उत्पन्न झाल्या, असें त्याचें प्रतिपादन होतें. यांतील एक खरें तर दुसरें खोटें ठरलेंच पाहिजे, असें तेव्हां पुष्कळांस वाटलें व आजहि वाटतें. परंतु अमेरिकेंत डार्विनची बाजू ज्यानें सर्वांत समर्थपणें मांडली, तो शास्त्रज्ञ स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होता. त्याचें नांव एसा ग्रे. त्याला काय साधलें आणि काय साधलें नाहीं हें पाहिलें म्हणजे या वादांतील खरा प्रश्न कोणता, तें उघड होतें.

ग्रेचा जन्म १८१० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत झाला. त्यानें वैद्यकीची पदवी घेतली, पण त्याचें मन रमलें तें वनस्पतींत. १८४२ सालीं तो हार्वर्ड येथें प्राध्यापक झाला. १८५५ पासून डार्विनशीं त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि जो सिद्धान्त डार्विन अगदीं निवडक मित्रांपाशींच बोलत असे, तो त्यानें ५ सप्टेंबर १८५७ च्या पत्रांत ग्रेला कळविला. पुढें १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत वॉलेसच्या निबंधाबरोबर डार्विनचे विचार वाचले गेले. त्यांत या पत्राचा उताराहि होता.

तो सिद्धान्त थोडक्यांत असा. एकाच आईबापांचीं पिल्लें सर्वस्वीं सारखीं नसतात. त्यांच्यांत लहानसहान फरक असतात, व त्यांपैकीं पुष्कळ पुढील पिढींत उतरतात. जगूं शकतील त्यांहून कितीतरी अधिक जीव जन्मास येतात. ज्याच्या अंगचा फरक परिस्थितीस अनुकूल असतो, तो बहुधा टिकतो व त्याची संतति वाढते. इतर मागें पडतात. ही नैसर्गिक निवड असंख्य पिढ्या चालली म्हणजे एका जातीच्या अनेक जाती होतात. या निवडींत निवडणारा कोणी दिसत नाहीं. ख्रिस्ती मनास धक्का बसला तो येथें. डोळ्यासारख्या अवयवांची कुशल रचना हाच रचनाकाराचा पुरावा होय, असें विल्यम पेलीनें १८०२ सालीं प्रतिपादिलें होतें, व इंग्लंडांतील अनेक सुशिक्षितांची श्रद्धा त्या युक्तिवादावर उभी होती. आतां रचना तर राहिली, पण तिच्यासाठीं रचनाकार मानण्याची आवश्यकता उरली नाहीं, असें दिसूं लागलें.

हार्वर्डमध्येंच डार्विनचा एक बलाढ्य प्रतिपक्षी होता. लुई अगासिझ हा तो प्राणिशास्त्रज्ञ. प्रत्येक जाति म्हणजे सृष्टिकर्त्याचा स्वतंत्र संकल्प असून ती जेथें आढळते तेथेंच निर्माण झाली, असें त्याचें मत होतें. ग्रेनें त्याला उत्तर दिलें तें धर्मवचनांनीं नव्हे, तर झाडांच्या साक्षीनें. सोनचाफ्याच्या कुळांतील मॅग्नोलियासारखीं झाडें जपानांत व अमेरिकेच्या पूर्व भागांत आढळतात. मधल्या पश्चिम अमेरिकेंत मात्र नाहींत. १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ग्रेनें याची उपपत्ति दिली. पृथ्वी अधिक उबदार असतांना अशा वनस्पति उत्तरेकडील प्रदेशांत दूरवर पसरल्या होत्या. पुढें हवामान पालटलें, हिमयुग आलें, आणि त्यांचे समूह दक्षिणेकडे सरकून एकमेकांपासून तुटले. मौज अशी कीं, पूर्वीं पृथ्वीवर हिमयुग होऊन गेलें, या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता अगासिझच होता. त्याच्याच शोधानें त्याच्या मताचा पाया डळमळला.

उत्क्रांतीचा पुरावा असा मान्य केल्यावर ग्रेपुढें श्रद्धेचा प्रश्न उभा राहिला. १८६० सालीं त्यानें ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’ व ‘अटलांटिक मंथली’ या नियतकालिकांतून लेख लिहिले. एखादी गोष्ट कोणत्या क्रमानें घडते हें कळलें, एवढ्यानें ती ईश्वराची कृति नव्हे असें सिद्ध होत नाहीं, हा त्यांचा गाभा. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरहि नास्तिकतेचा आरोप झाला होता. पण ग्रह कोणत्या नियमानें फिरतात हें समजल्यावर कोणा ख्रिस्ती मनुष्यानें प्रार्थना सोडली नाहीं. आईच्या उदरांत मूल नऊ महिने कसें वाढतें, हें वैद्यकशास्त्र पायरीपायरीनें सांगतें. तरीहि ख्रिस्ती कुटुंब त्या मुलाबद्दल देवाचेच आभार मानतें, आणि त्यांत त्याला विसंगति वाटत नाहीं. एका मुलाच्या बाबतींत जें चालतें, तें समग्र जीवसृष्टीच्या बाबतींत कां चालूं नये? डार्विनला हे लेख इतके महत्त्वाचे वाटले कीं, १८६१ सालीं त्यानें पुढाकार घेऊन ते पुस्तिकारूपानें इंग्लंडांत काढविले.

मात्र ग्रे येथेंच थांबला नाहीं. जीवांमध्यें फरक कां उत्पन्न होतात, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. तेव्हां हे फरकच ईश्वर हितकर दिशेनें वळवीत असावा, पाटांतून पाणी वळवावें तसा, असें मानावें, अशी सूचना त्यानें केली. डार्विनला ती पटली नाहीं. १८६८ च्या ग्रंथांत त्यानें दृष्टान्त दिला: कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून योग्य ते वेंचून गवंड्यानें घर बांधलें, तर प्रत्येक दगडाला तो आकार त्या घरासाठींच दिला होता असें कसें म्हणावें? पुढील संशोधन डार्विनच्या बाजूनें गेलें. १९४३ सालीं लुरिया व डेलब्रुक यांनीं जंतूंवरील प्रयोगानें दाखविलें कीं, विषाणूला दाद न देण्याचा गुण कांहीं जंतूंत त्या विषाणूची गांठ पडण्यापूर्वींच आलेला असतो. गरज पाहून तो येत नाहीं. अज्ञानाच्या ज्या फटींत ग्रेनें ईश्वराला जागा दिली होती, ती अशा रीतीनें बुजली. त्याचा मूळ युक्तिवाद मात्र त्या फटीवर अवलंबून नव्हता, म्हणून तो शिल्लक राहिला.

खरी अडचण निराळीच होती, व ती डार्विननें २२ मे १८६० च्या पत्रांत ग्रेपुढें प्रांजळपणें मांडली. कांहीं गांधीलमाशीसारखे कीटक जिवंत सुरवंटाच्या अंगांत अंडीं घालतात आणि त्यांच्या अळ्या त्याला आंतून खात वाढतात. दयाळू व सर्वशक्तिमान् ईश्वरानें असा जीव बुद्धिपुरस्सर निर्माण केला, हें मानावयास डार्विनचें मन धजेना. त्याची ॲनी ही मुलगी १८५१ सालीं वयाच्या दहाव्या वर्षीं वारली होती. दुःखाचा प्रश्न त्याच्यासाठीं केवळ पुस्तकी नव्हता. ग्रेनें पुढें असें सुचविलें कीं, देवदाराचा वाऱ्यावर उधळणारा अपार पराग जसा निरर्थक नव्हे, तसा सृष्टींतील हा अपव्ययहि विकासाच्या एका मोठ्या व्यवहाराचाच भाग असावा. या उत्तरानें अपव्ययाचा अर्थ लागतो. वेदनेचा लागतोच असें नाहीं. परंतु हा प्रश्न डार्विननें निर्माण केलेला नाहीं. बायबलमधील ईयोबाचें पुस्तक तोच प्रश्न विचारतें.

राहिला ‘उत्पत्ति’च्या सहा दिवसांचा प्रश्न. त्या वर्णनांत सूर्य चौथ्या दिवशीं निर्माण होतो. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ व सकाळ कशी झाली? ही शंका डार्विननंतरच्या पंडितांनीं काढलेली नाहीं. पांचव्या शतकाच्या आरंभीं संत ऑगस्टीन यानें या पुस्तकावर भाष्य लिहितांना ते दिवस नेहमींचे दिवस नव्हेत असें म्हटलें, आणि निसर्गाविषयीं अज्ञान प्रकट करून धर्माचें हसें करूं नये, असा ख्रिस्ती लोकांस इशाराहि दिला. शब्दशः अर्थाचा आग्रह धरणारे पंथ आजहि आहेत. पण तो आग्रह म्हणजेच ख्रिस्ती धर्म नव्हे. १९९६ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं उत्क्रांतिवाद हें केवळ एक अनुमान राहिलें नसल्याचें मान्य केलें; मनुष्याचा आत्मा मात्र ईश्वरापासून आहे, हें चर्चचें मत त्यांनीं कायम ठेवलें. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकीं एक, थिओडोसियस डॉबझान्स्की, यानेंहि १९७३ च्या लेखांत आपण सृष्टिकर्ता व उत्क्रांति दोन्ही मानतों असें लिहिलें.

यावरून शास्त्रानें ईश्वर सिद्ध केला असें होत नाहीं. आणि ग्रेचाहि तसा दावा नव्हता. जीव कसे बदलले याचें उत्तर शास्त्र देतें. हें सर्व मुळांत आहेच कां, आणि त्याला कांहीं हेतु आहे काय, हा प्रश्न उत्तर मिळाल्यावरहि शिल्लक राहतो. त्याचें उत्तर ग्रेनें श्रद्धेनें दिलें. डार्विनचें मन शेवटपर्यंत साशंक राहिलें. डोळ्यांपुढील पुरावा दोघांचा एकच होता. १८७७ सालीं फुलांच्या विविध रूपांवरील आपला ग्रंथ डार्विननें ग्रेला अर्पण केला, आणि १८८२ सालीं त्याचा मृत्यु होईपर्यंत त्यांचा स्नेह टिकला. सृष्टीविषयीं सत्य सांगण्यांत या दोघांपैकीं एकानेंहि कसूर केली नाहीं, आणि त्यासाठीं ग्रेला आपली प्रार्थना सोडावी लागली नाहीं.