एकपक्षीय राज्यातील पक्षसभासदत्व : चीनचे उदाहरण

आपल्याकडे राजकीय पक्षाचा सभासद होणे फारसे अवघड नाही. वर्गणीची पावती फाडली की झाले. पुढे मनात आले तर मनुष्य दुसऱ्या पक्षात जातो. म्हणूनच चीनच्या कम्युनिस्ट पक्षाची सभासदसंख्या दहा कोटींवर गेली असे वाचले की विद्यार्थ्यांना वाटते, तेथे सक्तीची भरती चालत असावी. वस्तुस्थिती तशी नाही. देशाची लोकसंख्या सुमारे १४० कोटी. म्हणजे चौदा माणसांत एक सभासद. तेथे निवड पक्ष करतो.

१९२१ साली या पक्षाचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा अवघे पन्नासएक सभासद होते. आज प्रवेशाची रीत अशी आहे : अठरा वर्षे पूर्ण झालेल्याने लेखी अर्ज करावयाचा. दोन जुन्या सभासदांनी त्याची शिफारस करावयाची. मग अभ्यासवर्ग, वर्तनाची पाहणी, त्याला ओळखणाऱ्यांकडे चौकशी. शाखेच्या सभेने स्वीकारले व वरच्या समितीने मान्य केले, तरी आणखी एक वर्ष उमेदवारी असते. त्या वर्षात पक्षात मताचा अधिकार नाही. २०२४ अखेर दोन कोटींहून अधिक अर्जदार होते. त्या वर्षी प्रवेश मिळाला सुमारे २१ लाखांना.

एवढी रांग कशासाठी? तेथे आणखी आठ लहान पक्ष आहेत, पण त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व मान्य केलेले आहे. २०१८ साली हे नेतृत्व राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात घातले गेले. विद्यापीठात कुलगुरू असतो, तसा पक्षाचा सचिवही असतो आणि वजन सचिवाचे अधिक. सरकारी नोकरीत वर चढावयाचे तर सभासदत्वाचा मोठा आधार. सर्वच अर्जदार विचाराने भारावलेले असतात असे आम्हांस वाटत नाही. पोटाचा प्रश्न कोणाला सुटला आहे?

वर्गणी पगाराच्या दोन टक्क्यांपर्यंत, ती काही जड नाही. जड आहे ते निराळेच. चीनच्या घटनेचे ३६ वे कलम नागरिकाला धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य देते. पक्षाचे नियम मात्र सभासदाला कोणत्याही धर्मावर श्रद्धा ठेवू देत नाहीत. निवृत्त अधिकाऱ्यांनाही सूट नाही, असे २०१६ साली पक्षाने पुन्हा बजावले. चीनमध्ये बौद्ध उपासक कोट्यवधी आहेत. त्यांना विहारात जाता येते, भिक्षूंची सरकारमान्य संघटनाही आहे. परंतु उपासक राहून पक्षात शिरता येत नाही. जी मुलगी आजीबरोबर अवलोकितेश्वराच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावत वाढली, तिला अर्ज भरताना घरची श्रद्धा सोडावी लागते, नाही तर लपवावी लागते.

बाहेर पडण्याची वाट नियमात आहे. सभासद राजीनामा देऊ शकतो. सबळ कारणाविना सलग सहा महिने शाखेच्या कामात भाग घेतला नाही, वर्गणी भरली नाही किंवा नेमून दिलेले काम केले नाही, तर त्याने आपण होऊन पक्ष सोडला असे धरतात. परंतु प्रत्येकाची एक व्यक्तिगत फाइल असते. तीत अर्जापासूनच्या नोंदी राहतात, आणि ती त्याच्या हाती दिली जात नाही.