सुरतेची इंग्रजी शाळा आणि मराठीचे दादोबा

मागच्या मराठी भाषा गौरव दिनाला मंडळात मुलांशी गप्पा चालल्या होत्या. आठवीतल्या एका मुलाने विचारले, "आपली माणसं सुरतेत पहिल्यांदा कधी आली?" मोठ्यांनी सांगितले, मिलमध्ये कामाला आली तेव्हा. मुलगा म्हणाला, "वर्गात तर म्हणतात, लुटायला आली तेव्हा." सगळे हसले, तो हसला नाही. 1664 आणि 1670 च्या शिवरायांच्या स्वाऱ्या इतिहासात आहेतच. त्या का झाल्या हा वेगळा विषय. पण या दोन उत्तरांच्या मध्ये एक तिसरे उत्तर आहे, आणि ते आम्हालाही त्या दिवशी पटकन सुचले नाही. ते सुरतेच्या जुन्या इंग्रजी शाळेत आहे.

इंग्लंडमध्ये मुलग्यांना लॅटिनचे व्याकरण शिकवणाऱ्या जुन्या शाळांना 'ग्रामर स्कूल' म्हणत. मुंबई इलाख्यात सरकारने इंग्रजी शाळा काढल्या, तेव्हा लॅटिनच्या जागी इंग्रजी आली. मुलींना प्रवेश नव्हताच. कोर्ट-कचेऱ्यांना इंग्रजी येणारी माणसे हवी होती आणि घराघरांतल्या वडिलांना मुलाची नोकरी हवी होती. सुरतेत अशी शाळा 1842 साली सुरू झाली. बंदराचा व्यापार केव्हाच मुंबईला गेला होता, त्यात 1837 च्या मोठ्या आगीत शहराचा फार मोठा भाग जळाला होता. अशा खचलेल्या शहरात इंग्रजी शिकणे ही हौस नव्हती.

या शाळेत शिकवायला मुंबईहून आले दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म 1814, शिक्षण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. सुरतेला येण्यापूर्वीच, वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे 1836 साली, त्यांचे मराठी व्याकरण छापून झाले होते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशी जी मांडणी आपण शाळेत घोकली, ती बसवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यासाठी त्यांच्यापुढे लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. (आपल्या आजोबांनी जी 'भाषांतर पाठमाला' पाठ केली, तिचे तर्खडकर वेगळे, ते द्वारकानाथ राघोबा.)

आता तो वर्ग डोळ्यांपुढे आणा. मास्तर मराठी, मुले गुजराती बोलणारी, पुस्तक इंग्रजी. कडोदऱ्याच्या आपल्या घरांत आज संध्याकाळी गृहपाठाला बसल्यावर जे चालते, तेच जवळजवळ. फरक इतकाच, की आपल्या मुलांना ही तीन भाषांची ओढाताण वाटते आणि दादोबांचे तेच काम होते.

शाळेबाहेरही ते स्वस्थ बसले नाहीत. दुर्गाराम मेहताजी हे सुरतेचे गुजराती शिक्षक. त्यांच्याशी दादोबांची मैत्री जमली आणि 22 जून 1844 रोजी 'मानवधर्म सभा' स्थापन झाली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास अशी पाचही नावे 'द'ची. माणसाची जात एकच, हे सभेचे म्हणणे. भूत उतरवणाऱ्या मांत्रिकांना सभेने जाहीर आव्हान दिले: मंत्र खरा असेल तर करून दाखवा. त्या काळच्या सुरतेत हे बोलायला छाती लागत होती, आणि बोलणारे पगारी मास्तर होते हे विसरू नये. सभेची टिपणे दुर्गाराम ठेवत. त्यांच्याच आधारे महीपतराम रूपराम यांनी पुढे दुर्गारामांचे चरित्र लिहिले.

दादोबा 1846 मध्ये मुंबईच्या नॉर्मल क्लासचे प्रमुख म्हणून परत गेले. 1852 मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सुरतेची सभा थंडावली. पण बीज मुंबईला पोचले होते. 1849 मध्ये तिथे जातिभेद न मानणारी परमहंस मंडळी निघाली, तीत दादोबा होते. त्यांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग 1867 मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे होते. प्रार्थना समाजाचे नाव निघाले की आपण पुणे-मुंबईच म्हणतो. सुरतेचे नाव कोणी घेत नाही.

शाळा चालूच राहिली. इथलेच विद्यार्थी नंदशंकर तुळजाशंकर मेहता 1858 मध्ये तिचे मुख्याध्यापक झाले. 1866 मध्ये त्यांनी 'करण घेलो' ही कादंबरी लिहिली. गुजरातीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. पाटणचा पराभूत राजा करण वाघेला शेवटी आसऱ्याला येतो तो बागलाणात. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी घरांच्या गावाकडे, साल्हेर-मुल्हेरच्या मुलखात. नंदुरबार, साक्री, सटाण्याच्या मंडळींनी ती जरूर वाचावी. गुजराती आता आपल्याला येतेच.

दादोबांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी 1947 साली प्रकाशित केले. कोणाच्या घरी जुनी प्रत असेल तर पुढच्या बैठकीला आणावी. सुरतेची पाने मोठ्याने वाचायची आहेत, आणि वाचणार तो आठवीतला मुलगा. त्याने तसे कबूल केले आहे.