दवाखान्याच्या गाडीचे हब: ऑटोमॅटिक की हाताने फिरवायचे?



दवाखान्याच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी मागील अंकात आम्ही मदत मागितली आणि आपण ती मनापासून पाठवली. खर्चाच्या यादीत एक ओळ अशी होती: ‘पुढच्या चाकांचे ऑटोमॅटिक हब काढून हाताने फिरवायचे हब बसवणे.’ ती वाचून काहींनी विचारले की, जे आपोआप होते ते काढून हाताने करायचे कशासाठी? पैसा देवाच्या कामासाठी दिलेला आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. गाडीची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे उत्तर मी देतो.

आपली गाडी अक्राणी तालुक्यात फिरते. सातपुड्यातल्या पाड्यांची घरे डोंगरउतारांवर विखुरलेली असतात. धडगावहून शहाद्यामार्गे नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय डांबरी रस्त्याने गाठता येते. पण पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंतची वाट मातीची, चढउतारांची आणि नाल्यांची. जून ते सप्टेंबर तिथे चिखल असतो. गाडी जिथे थांबते तिथपर्यंत रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून आणावे लागते. म्हणून गाडी आणखी एक चढ पुढे गेली, तर अडलेल्या बाळंतिणीचा तेवढा वेळ वाचतो.

हब म्हणजे काय?

आपल्या गाडीत नेहमीच्या गियरशेजारी एक छोटा दांडा आहे. तो ‘टू व्हील’वर असताना इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. ‘फोर व्हील’वर टाकला की ती पुढच्या शाफ्टकडेही जाते. पण टू व्हीलवर चालतानाही पुढची चाके रस्त्यावर फिरतच असतात. ती एक्सलला कायम जोडलेली असली, तर एक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट यांना विनाकारण फिरवत राहतात. त्यात डिझेल जळते आणि भाग झिजतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि साध्या रस्त्यांवर धावू लागल्या, तेव्हा ही अडचण पुढे आली. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली त्यावर उपाय म्हणून लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. चाकाच्या मध्यभागी बसणारा हा भाग म्हणजे दाराच्या कडीसारखा आहे. कडी लावली की चाक आणि एक्सल एकत्र फिरतात. काढली की चाक मोकळे फिरते आणि बाकीचे स्वस्थ राहते.

ही कडी लावायची कोणी, एवढाच ऑटोमॅटिक आणि हाताच्या हबमधला फरक आहे.

ऑटोमॅटिकचे गुण आणि दोष

ऑटोमॅटिक हबमध्ये ड्रायव्हरने दांडा टाकला आणि एक्सल फिरू लागला की आतली यंत्रणा स्वतःच अडकते. सोडवायचे असेल, तर टू व्हीलवर येऊन गाडी थोडी मागे घ्यावी लागते. काही गाड्यांत हेच काम इंजिनाच्या व्हॅक्यूमने, रबरी नळ्यांतून होते. भर पावसात खाली उतरावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर असणाऱ्या गाडीला ते चांगलेच आहेत.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे हलवून काढावी लागते. आणि आपल्या गाडीचे हब तर मागे घेतल्यावरच सुटणारे. उतारावर इंजिनाच्या जोरावर गाडी धरली की ताकदीची दिशा उलटते, तेव्हाही अशी कडी सुटू शकते. आत चिखल-पाणी गेले किंवा ग्रीस घट्ट झाले, तर ती लागतच नाही. आणि हे ड्रायव्हरला जागेवर बसून कळत नाही. समोरचा दिवा दांडा पडल्याचे सांगतो, हब लागल्याचे नाही.

गेल्या पावसाळ्यात नेमके असेच झाले. एका बाजूचा हब लागला, दुसऱ्या बाजूचा लागला नाही. अशा वेळी डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देऊन टाकतो आणि पुढची दोन्ही चाके निकामी ठरतात. गाडी नाल्याच्या चढावर अडकली. पाड्यातल्या भावांनी त्या बहिणीला झोळीतून वर नेले. आई आणि बाळ सुखरूप आहेत, देवाची स्तुती असो. पण तो वेळ वाया जायला नको होता.

हाताने फिरवायचा हब साधा असतो. वरच्या चकतीवर दोन खुणा असतात: फ्री आणि लॉक. लागला की नाही ते डोळ्यांनी दिसते, आणि लागलेला हब ताकदीची दिशा उलटली म्हणून सुटत नाही. आत भागही थोडे, त्यामुळे आपला मिस्त्री तो इथेच उघडून साफ करू शकतो. त्रास एवढाच की उतरून दोन्ही चाकांपाशी जावे लागते. त्यासाठी आम्ही काही नियम ठरवले आहेत:

१. डांबरी रस्ता संपतो तिथेच, चिखलाआधी, दोन्ही हब लॉक करावेत. लॉक असताना टू व्हीलवर चालवले तरी बिघडत नाही. दांडा गरज पडेल तेव्हा टाकावा.

२. एक हब लॉक आणि एक फ्री असे कधीही ठेवू नये.

३. कोरड्या डांबरावर फोर व्हील वापरू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, त्यामुळे शाफ्ट आणि गियरवर ताण येतो.

४. चकती हातानेच फिरवावी. पान्याने जोर केला तर ती तुटते.

५. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून काही किलोमीटर चालवावे, म्हणजे पुढच्या भागांना तेल पोहोचते. पावसाळ्यात खोल नाला ओलांडल्यावर आत पाणी गेले का ते पाहावे.

हब फ्री करायला ड्रायव्हर विसरला, तर थोडे डिझेल जास्त जाईल. पण चढावर हब लागलाच नाही, तर रुग्ण वाटेत राहील. या दोन चुकांपैकी पहिली आपल्याला परवडते, दुसरी परवडत नाही. म्हणून आम्ही हा निर्णय घेतला.

नवे हब बसवले आहेत आणि दोन्ही ड्रायव्हर ते वापरायला शिकले आहेत.  येत्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री निघणाऱ्या ड्रायव्हर आणि नर्सताईंसाठी, आणि वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या पाड्यांसाठी, आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही विनंती.