उन्हाळ्यात कुत्रा फिरवायला माणूस ठेवताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा शहरात कुत्रा फिरवायला माणूस ठेवायचा, तर महिन्याचे पैसे ठरवण्याआधी वेळ ठरवा. 'सकाळी नऊ-साडेनऊला येतो' म्हणणाऱ्याला उन्हाळ्यात नकारच द्या. फेरी उजाडतानाच व्हावी. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवावी. हाताला चटका बसला, तर पंजेही भाजणार. हे न सांगता करणारा माणूस मिळाला, तर त्याला सोडू नका.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. त्याचं एरवीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं, ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. म्हणून थेट विचारा: लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले तर काय कराल? 'सावलीत नेईन, अंगावर पाणी ओतीन, वारा घालीन आणि लगेच डॉक्टरांकडे नेईन' असं उत्तर अडखळल्याशिवाय यायला हवं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप फार लवकर लागते. त्यांची फेरी छोटीच ठेवा.

एका वेळी चार-पाच कुत्री नेणारा टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गल्लीतली कुत्री धावून आली, की दोन हात पुरत नाहीत. पहिले काही दिवस स्वतः सोबत चाला, त्याच्याजवळ पाण्याची बाटली आहे का पाहा आणि मगच साखळी त्याच्या हाती सोपवा.